जोडलेल्या चौकटी, हरवलेली गावे

आपत्ती ओसरली की याद्यांचे दिवस सुरू होतात. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले; त्याच सुमारास महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. अशा प्रसंगी पंचनाम्यापासून मदतवाटपापर्यंतचा व्यवहार गावनिहाय तक्त्यांच्या आधारे चालतो, आणि असे तक्ते आता बहुधा एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये तयार होतात. तक्ता देखणा दिसावा म्हणून केलेली एक साधी कृती त्यातील गावे कशी अदृश्य करू शकते, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

समजा, पहिल्या रकान्यात तालुका, दुसऱ्यात गाव आणि तिसऱ्यात बाधित कुटुंबांची संख्या आहे. महाडपुढे तळिये, दासगाव, बिरवाडी, वरंध. पोलादपूरपुढे केवनाळे, साखर, उमरठ, कापडे. 'पोलादपूर' हा शब्द चार वेळा लिहिण्याऐवजी चारही चौकटी निवडून 'मर्ज अँड सेंटर'वर क्लिक केले की त्यांची एक उंच चौकट होते आणि नाव मधोमध बसते. छापील तक्त्यांत हीच रीत रूढ आहे.

संगणकाच्या लेखी मात्र ते नाव केवळ सर्वांत वरच्या चौकटीत, म्हणजे केवनाळेच्या ओळीत राहते. खालच्या तीन चौकटी रिकाम्या ठरतात. मग 'फिल्टर' लावून पोलादपूरची गावे मागितली, तर एकटे केवनाळे समोर येते. तालुक्याच्या नावावरून 'सम-इफ'ने बेरीज केली, तर तीही एकाच गावाची मिळते. कुठलीही सूचना येत नाही, हा खरा धोका. 'सॉर्ट' करताना एक्सेल निदान अडून बसते आणि जोडलेल्या चौकटी सारख्या आकाराच्या हव्यात असे बजावते. ती अडवणूक परवडली! शिवाय जोडण्यापूर्वी प्रत्येक चौकटीत मजकूर असेल, तर वरचा-डावीकडचा तेवढा राखून बाकीचा पुसला जातो. त्याची सूचना येते खरी, पण घाईत ती वाचतो कोण?

तक्ता आधीच असा बनला असेल, तर तो रकाना निवडून जोड सोडवावी. नंतर एफ-५ दाबून 'स्पेशल'मधून 'ब्लँक्स' निवडावे, बरोबरचे चिन्ह टंकून वरच्या बाणाची कळ दाबावी आणि कंट्रोल धरून एंटर करावे. प्रत्येक रिकाम्या चौकटीत वरचे नाव उतरते. हा रकाना कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मधील 'व्हॅल्यूज'ने त्याच जागी चिकटवावा; अन्यथा क्रम बदलताच सूत्रे भलत्या ओळीकडे पाहू लागतात.

मथळ्यासाठी जोडणी हवीच असे वाटत असेल, तर 'फॉरमॅट सेल्स'च्या 'अलाइनमेंट'मध्ये 'सेंटर अॅक्रॉस सिलेक्शन' हा पर्याय आहे. मथळा मधोमध दिसतो आणि चौकटी सुट्याच राहतात. हा पर्याय आडव्या दिशेनेच चालतो. गाव, वाडी, तालुका असा मजकूर खरोखर एकत्र करायचा असल्यास & हे चिन्ह वापरावे किंवा एक्सेल २०१९ पासून मिळणारे 'टेक्स्टजॉइन' हे सूत्र; वाडीचा रकाना रिकामा असेल तर तो वगळायलाही त्याला सांगता येते.

ओळीच्या उंचीची अडचण याच जोडणीतून वाढते. पंचनाम्याचा शेरा लांबलचक असतो. 'रॅप टेक्स्ट' दिल्यावर मजकूर खाली उतरतो आणि ओळ आपोआप उंच होते. पण उंची एकदा माउसने ओढून ठरवली, की ती तेवढीच राहते. ओळक्रमांकाच्या खालच्या सीमारेषेवर डबल क्लिक केल्यास पुन्हा मजकुराप्रमाणे उंची मिळते. जोडलेल्या चौकटीत ही सोय काम करत नाही. शेऱ्याचा काही भागच दिसतो आणि छापतानाही तेवढाच उमटतो. देवनागरीत तर उंची जराशी अपुरी पडली तरी वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो.

शेऱ्यासाठी दोन-तीन चौकटी जोडण्यापेक्षा एकच रकाना रुंद करणे सोपे. उंची हाताने द्यायचीच असेल, तर ती पॉइंटांत द्यावी लागते; ७२ पॉइंट म्हणजे एक इंच आणि ४०९ पॉइंट ही कमाल मर्यादा. शेरा त्याहून मोठा असेल, तर तो दोन ओळींत विभागावा आणि दोन्ही ओळींत तालुका व गाव पुन्हा लिहावे. मात्र कुटुंबांचा आकडा पहिल्याच ओळीत ठेवावा, नाहीतर बेरजेत तेच गाव दोनदा मोजले जाईल.