बादलीतलं ऑइल आणि डब्यामागची बारीक अक्षरं

(लेखमाला : जुनी गाडी, लांबचा रस्ता – भाग ७)

मागच्या भागात कूलंट झालं, आता ऑइल. तेही दीड-दोन लाख किलोमीटर रनिंग झालेल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हातात आलेल्या जर्मन गाडीचं. हा विषय पुण्या-मुंबईचा म्हणून सोडून द्यायचे दिवस गेले. आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागा, राजुरी, बेल्हे मागे टाका आणि आणे घाट चढा. कांद्याच्या ट्रकांमध्ये मधूनच एखादी जुनी ई-क्लास नाहीतर ऑडी दिसतेच. नवी असताना चाळीस-पन्नास लाखांना घेतलेली गाडी दहा-बारा वर्षांनी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते. गाडीचा भाव उतरतो, इंजिनाच्या मागण्या मात्र होत्या तशाच राहतात.

अशी गाडी घेऊन महामार्गावरच्या गॅरेजात गेलात की पहिला सल्ला ठरलेला असतो : “रनिंग लई झालंय, जाड ऑइल टाका.” हा सल्ला वेडगळ नाही. तो ट्रक, जीप आणि ट्रॅक्टर यांच्या अनुभवातून आलेला आहे. जुन्या बांधणीच्या इंजिनात बेअरिंग झिजलं की फट वाढते, पातळ ऑइल तिथून सहज निसटतं, प्रेशर पडतं. जाड ऑइल टाकलं की प्रेशर सावरतं, धूर थोडा कमी होतो आणि इंजिनकाम एक हंगाम पुढे ढकलता येतं. ट्रॅक्टरच्या बाबतीत मीही हेच करेन. म्हणूनच या पट्ट्यातल्या दुकानांत १५डब्ल्यू-४० च्या वीस लिटरच्या बादल्या हातोहात खपतात. ट्रकसाठी ते ऑइल उत्तम आहे. प्रश्न एवढाच की तीच बादली मर्सिडीजमध्ये रिकामी करायची का.

आधी हे आकडे काय सांगतात ते पाहू. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. ५डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला : ४० चं ऑइल शंभर अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये बसायला हवं, ३० चं ९.३ ते १२.५ च्या मध्ये. म्हणजे ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही गरम झाल्यावर एकाच वर्गातली ऑइलं आहेत. फरक आहे तो सकाळी सेल मारल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांचा.

“आपल्याकडे कुठं उणे तापमान?” असं कुणी म्हणेल. पण पौषातल्या पहाटे जुन्नर तालुक्यात पारा दहाच्या खाली जातो, आणि जर्मन इंजिनाला त्या काही सेकंदांची फार किंमत मोजावी लागते. त्याच्या टायमिंग चेनचा ताण ऑइलच्या प्रेशरवर धरला जातो, टॅपेट ऑइलवर चालतात, टर्बोचा दांडा ऑइलवरच तरंगतो. २०डब्ल्यू-५० सारखं ऑइल तिथवर पोचेपर्यंत चेन खडखडत राहते. बीएमडब्ल्यूच्या एन४७ आणि मर्सिडीजच्या ओएम६५१ या आपल्याकडे भरपूर विकल्या गेलेल्या डिझेल इंजिनांत ही चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिथे हात घालायचा तर गिअरबॉक्स किंवा इंजिनच खाली उतरवण्याचा घाट घालावा लागतो. बादलीच्या ऑइलवर वाचलेले पैसे त्या एका बिलात जातात.

मग निवडायचं कसं? डब्याच्या पुढचा मोठा आकडा सोडा आणि डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. युरोपातल्या कंपन्या ऑइलची स्वतःच्या इंजिनांवर चाचणी घेऊन मान्यता देतात आणि त्या मान्यतेला क्रमांक असतो. मर्सिडीजचे एमबी २२९.५, २२९.५१, २२९.५२, बीएमडब्ल्यूचे लाँगलाइफ-०१ आणि लाँगलाइफ-०४, ऑडी, स्कोडा आणि फोक्सवॅगनचे ५०२ ००, ५०५ ००, ५०४ ००, ५०७ ००. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत यातला जो क्रमांक असेल तो डब्यावर ‘अप्रूव्हल’ म्हणून छापलेला पाहिजे. ‘सुटेबल फॉर’ किंवा ‘मीट्स’ असं लिहिलं असेल तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा झाला, गाडी बनवणाऱ्याने त्यावर सही केलेली नाही. मर्सिडीज तर मान्य ऑइलांची यादी इंटरनेटवर फुकट देते. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा ती मोबाइलवर उघडलेली बरी.

या सगळ्या मान्यतांमागे एक आकडा आहे, जो डब्यावर सहसा छापत नाहीत. दीडशे अंशांवर, बेअरिंगमध्ये दोन्ही बाजूंनी रगडलं जात असताना ऑइलचा थर किती टिकतो त्याचं हे माप. वर दिलेल्या सर्व क्रमांकांसाठी ते किमान ३.५ लागतं. गंमत अशी की चांगलं ५डब्ल्यू-३० सुद्धा हे माप गाठतं. त्यामुळे पुस्तिकेत ५०७ ०० लिहिलेल्या ऑडीला दोन लाख किलोमीटरनंतरही ५डब्ल्यू-३० टाकलं तर ते ‘पाणी’ नसतं. खरं पातळ ऑइल वेगळंच आहे : अगदी नव्या गाड्यांसाठी निघालेलं ०डब्ल्यू-२०, फोक्सवॅगनच्या भाषेत ५०८ ०० आणि ५०९ ००. ते महाग असतं, नवं असतं, आणि म्हणून ‘भारीतलं’ समजून जुन्या गाडीत टाकलं जातं. ते मुळीच टाकू नये.

आता २२९.५१ आणि २२९.५२ हे क्रमांक कशासाठी, ते. त्यासाठी आधी इंधनाकडे बघावं लागेल. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधल्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरमधल्या, एका गटाने एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. देशभर बातमी झाली. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना तेव्हा नुकताच, २००९ मध्ये, सुरू झालेला. बातम्यांत सगळे गाड्यांच्या किमतीबद्दल बोलत होते, त्यांच्या टाकीत काय जाणार याबद्दल कुणी बोललं नाही. एप्रिल २०१० पासून बीएस-४ इंधन देशातल्या फक्त तेरा शहरांत मिळू लागलं होतं. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, औरंगाबाद नव्हतं. शहरातल्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ५०, बाहेरच्या डिझेलमध्ये ३५०. पुण्यात टाकी भरून निघालेली मर्सिडीज परतीचं डिझेल आळेफाट्यावर भरत असेल, तर एकाच दिवसात ती दोन प्रकारचं इंधन पीत होती.

गंधक जळलं की आम्ल तयार होतं आणि ते ऑइलमध्ये उतरतं. ते मारायला ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घालतात. पण हेच क्षार जळाल्यावर राख होतात, आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असेल तर राख तिथे बसते. काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही. ती साठत जाऊन जाळी कायमची बुजवते. म्हणून ऑइलचे दोन पंथ झाले : जास्त क्षारांचं, गंधकाशी झुंजणारं २२९.५, आणि ०.८ टक्क्यांपर्यंतच राख सोडणारं २२९.५१. युरोपाबाहेर पेट्रोल इंजिनात लाँगलाइफ-०४ टाकू नका, असं बीएमडब्ल्यूने सांगितलं होतं ते याच कारणाने : तिथल्या पेट्रोलमधल्या गंधकाचा भरवसा नव्हता.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं आणि गंधक १० वर उतरलं. आता आणे पठारावरचं डिझेल आणि पुण्यातल्या शिवाजीनगरचं डिझेल यांत या बाबतीत फरक उरला नाही. त्यामुळे जुनी भीतीही थोडी जुनी झाली आहे. गाडीला डीपीएफ असेल तर कमी राखेचंच ऑइल हवं, त्यात तडजोड नाही. बीएस-६ डिझेल सगळी या गटात येतात. डीपीएफ नसलेलं जुनं डिझेल किंवा पेट्रोल असेल, तर २२९.५ किंवा ५०२/५०५ चं ५डब्ल्यू-४० ही माझी निवड. बादलीतल्या ट्रकच्या ऑइलमध्ये राख भरपूर असते आणि यातली एकही मान्यता नसते, म्हणून ते दोन्हीकडे बाद.

‘हाय मायलेज’ असं छापलेली ऑइलं अमेरिकेत २००० पासून आहेत, आता आपल्याकडेही दिसतात. त्यांत रबराची सीलं थोडी फुगवणारी द्रव्यं असतात. किंचित झिरपत असेल तर उपयोग होतो. पण टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तडकलं असेल, किंवा मर्सिडीजच्या व्ही-६ डिझेलमध्ये ऑइल कूलरची सीलं गेली असतील, तर कुठलंही ऑइल ते जोडणार नाही. गाडी ऑइल खात असेल तर आधी कुठून खाते ते बघा. २००८ ते २०१२ च्या दरम्यानच्या ऑडीच्या २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनांत रिंगांच्या रचनेतच दोष होता. तिथे ऑइलचा ब्रँड बदलून मालक थकतात, इंजिन पीत राहतं. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत कंपनी ‘चालतं’ म्हणते. मला ते जास्त वाटतं, पण गाडीच्या पुस्तिकेत तेच लिहिलेलं असतं.

ट्रकवाला सकाळी बॉनेट उघडून डिपस्टिक बघतो. कित्येक जर्मन गाड्यांना डिपस्टिकच नाही, पडद्यावर बघावं लागतं, म्हणून मालक बघतच नाही. सपाट जागी, इंजिन तापलेलं असताना, पंधरवड्यातून एकदा बघायलाच हवं. पातळी कमी झाली तर घाबरायला होतंच; वाढली तर मालक खूश होतो, आणि खरी काळजी तिथे आहे. डीपीएफ साफ होण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं, आणि गाडी रोज शेतातून गावात एवढीच फिरत असेल तर ते अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा आळेफाटा ते संगमनेर असा सलग पळ द्यावा.

बदलाचं अंतर कंपनी वर्ष किंवा पंधरा हजार सांगते. जुन्या गाडीला मी आठ ते दहा हजार म्हणेन. पठारावरची धूळ, मागेपुढे ट्रक, आणि माळशेज चढताना तापलेला टर्बो, हे सगळं त्यात आलं. चढून वर चहाला थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, नाहीतर टर्बोतलं ऑइल जळून दांड्यावर कोळसा धरतो. ऑइलबरोबर फिल्टर बदलायचा, हे सांगायला नको. ओएम६५१ ला साडेसहा लिटर लागतं, म्हणजे पाच लिटरचा डबा आणि वर एक-एक लिटरचे दोन. उरलेलं अर्धा लिटर डिकीत ठेवा.

मागच्या मालकाने काय टाकलं हे माहीत नसेल, आणि झाकण उघडल्यावर आत डांबरासारखा थर दिसला, तर ‘फ्लश’ मारायच्या मोहात पडू नका. सुटलेली घाण चेंबरमधल्या जाळीवर बसून ऑइलची वाट अडवू शकते. योग्य मान्यतेचं ऑइल टाकून तीन हजारांवर एकदा बदला, मग पुन्हा तीन हजारांवर. थर हळूहळू निघतो.

पुढच्या भागात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल : कंपनी म्हणते ‘लाइफटाइम’, पण कुणाचं लाइफ ते सांगत नाही.