चौथीच्या वर्गात मोटार भरणारी ताई

हल्ली बऱ्याच गटांना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निरोप येतो, "तुमच्यापैकी कुणीतरी येऊन तिसरी-चौथीच्या मुलांना आपल्या कामाबद्दल सांगा." शिवणकाम करणारी, मसाला कांडणारी बाई लगेच तयार होते. पण जी मोटार भरते, सोलरचे दिवे बसवते, हातपंप दुरुस्त करते, ती मागे सरते. म्हणते, "ताई, मला काम येतं, बोलता येत नाही." आजचं बोलणं खास तिच्यासाठी आहे.

आधी हे सांगते की एवढ्या लहान मुलांपुढे जायचं कशाला. दहावीला गेल्यावर बघू, असं आपल्याला वाटतं. पण बाईचं काम कोणतं आणि गड्याचं कोणतं, हे मुलं दहावीच्या फार आधी ठरवून बसतात. परदेशात डेव्हिड चेंबर्स नावाच्या अभ्यासकाने बालवाडी ते पाचवीच्या ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला लावलं होतं. त्याचा अभ्यास १९८३ साली छापून आला. एवढ्या चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत बाई होती, आणि ती २८ चित्रं मुलींनीच काढलेली होती. एकाही मुलाने बाई काढली नाही.

आपल्याकडे चित्राचीही गरज नाही. वर्गात नुसतं विचारा, "विहिरीवरची मोटार जळाली तर कोण दुरुस्त करतं?" सगळी मुलं एका सुरात सांगतात, "मिस्त्री!" मिस्त्री म्हणजे काका, हे ठरलेलंच. आमच्या भागातल्या एका ताईंची मुलगी त्याच वर्गात होती. ताई नवऱ्याच्या बरोबरीने दुकानात मोटारी भरतात, वाइंडिंगचं बारीक काम तर त्याच करतात. पण मुलगी उभी राहून म्हणाली, "माझे पप्पा मोटारी भरतात. मम्मी घरीच असते." मुलीने खोटं सांगितलं नाही. तिने घरात जे ऐकलं तेच सांगितलं. आमच्या गटाच्या नोंदवहीतही त्या ताईंच्या नावापुढे 'घरकाम' असंच लिहिलेलं होतं.

म्हणून मोटारीचंच उदाहरण घेऊ या. मोटार जळणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं. त्या दिवशी घरात सगळे चिडलेले असतात, हे त्याने पाहिलेलं असतं.

आता मुलांना सांगायचं काय? आपलं सगळं ज्ञान ओतायचं नाही. मोटारीच्या पोटात लोखंडी खाचा असतात, त्यांत तांब्याच्या तारेचे वेढे बसवलेले असतात. तारेवर एक पातळ थर असतो, त्यामुळे एक वेढा दुसऱ्याला लागून असला तरी वीज मधूनच उडी मारत नाही. तीन फेजपैकी एक गेला आणि मोटार तशीच चालत राहिली, तर उरलेल्या तारांवर भार येतो. तार तापते, तो थर जळतो, मोटार बसते. हे तुम्हाला ठाऊक असू द्या, पण चौथीच्या वर्गाला तीनच वाक्यं पुरे: "तार तापली आणि तिचं पांघरूण जळलं. मी जुनी तार काढते आणि तिचे वेढे मोजते. मग तेवढेच वेढे नव्या तारेचे घालते." आणि वेढे चुकले तर? कमी पडले तर मोटार जास्त करंट ओढते आणि पुन्हा जळते. इथे गुरुजींचा चेहरा खुलतो, कारण मोजणी आणि पाढे कशाला शिकायचे याचं उत्तर मुलांना आयतं मिळतं.

जळालेली जुनी तार बरोबर न्या. काळी पडलेली तार आणि नवी चकचकीत तार शेजारी शेजारी ठेवून हातात द्या, वासही घेऊ द्या. माझं मत विचाराल तर ही दोन तारांची वेटोळी अर्ध्या तासाच्या भाषणाला भारी आहेत.

मग करून दाखवा. बोटभर लांबीचा एक लोखंडी खिळा, वाइंडिंगची तार, टॉर्चचा एक सेल आणि लोखंडी टाचण्या घ्या. खिळ्यावर वीस वेढे घाला आणि तारेची दोन टोकं सेलच्या दोन बाजूंना लावा. खिळ्याला टाचण्या चिकटतात. तार सोडली की पडतात. आता मुलांकडून चाळीस वेढे मोजून घ्या आणि पुन्हा लावा. टाचण्या जास्त उचलल्या का, ते त्यांनाच मोजू द्या. विजेने लोखंडाचं लोहचुंबक होतं, आणि याच ओढीवर मोटार फिरते. दोन गोष्टी सांभाळा. तारेची टोकं पॉलिश पेपरने घासून लाल तांबं उघडं करायला विसरू नका, नाहीतर काहीच होणार नाही आणि वर्गात कुजबुज सुरू होईल. आणि तार सेलला दोन-चार सेकंदच लावा, कारण ती तापते. मुलांच्या बोटाला चटका बसायला नको.

इथेच एक गोष्ट ठणकावून सांगायची. हा सेल दीड व्होल्टचा आहे. घरातली लाइट २३० व्होल्टची आहे. घरच्या बोर्डात तार, खिळा, काडी, काहीही घालायचं नाही. हे त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घ्या. हे सांगायला वेळ उरणार नसेल तर प्रयोग करूच नका.

त्यानंतर प्रश्न येतील. "शॉक बसतो का?" हा हमखास पहिला. खरं सांगा. बसू शकतो, म्हणून मी आधी मेन स्विच बंद करते, फ्यूज काढते, टेस्टर लावून बघते आणि मगच हात घालते. "किती पैसे मिळतात?" यावर लाजू नका, एका मोटारीची मजुरी किती ते आकड्यात सांगा. बाईच्या कामाला पैसे मिळतात, हे मुलांनी बाईच्याच तोंडून ऐकलेलं बरं. मग एखादा पोरगा म्हणेल, "पण बायका हे काम करतात का?" इथे भाषण नको. "मी करते," एवढंच म्हणा आणि पुढचा वेढा घाला.

मुलांना अजून ऐकायचं असेल तर आगगाडीची गोष्ट सांगा. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विजेचा डिप्लोमा केला. १९८९ साली त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतात. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली. लोक त्यांना गाडी चालवणारी बाई म्हणूनच ओळखतात, विजेच्या शिक्षणाचा भाग सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

आयटीआय, डिप्लोमा हे शब्द मात्र मुलांपुढे फार घोळवू नका. ते आयांसाठी ठेवा. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा तीन वर्षांचा. दोन्हीकडे गणित आणि विज्ञान लागतंच. पुढच्या मासिक बैठकीत यावर दहा मिनिटं बोला.

शाळेकडून बोलावणं आलंच नाही तर? शाळा व्यवस्थापन समितीत जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात, म्हणजे आपल्या गटातली कुणी ना कुणी तिथे असतेच. तिने बैठकीत विषय मांडावा. शनिवारची सकाळ सोयीची, बऱ्याच शाळांत त्या दिवशी दप्तराचा जाच कमी असतो. एकच तासिका मागा, आणि त्यातली दहा मिनिटं मुलांच्या हातात राहू द्या. चाळीस मुलं असतील तर पाच-सहा खिळे लागतील, नाहीतर पुढच्या रांगेतली पोरंच सगळं ओढून घेतात. मुली मागे बसलेल्या असतात, त्यांच्याकडे एक खिळा आधी द्या.

जाताना कामाचेच कपडे घालून जा, ग्रीसचा डाग असला तरी चालेल. पक्कड, टेस्टर बरोबर असू द्या. निघताना खिळे आणि तार वर्गातच ठेवून या, सेल मात्र गुरुजींच्या कपाटात.