राहत्या गांवचें न्यायालय

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण जुनी. परंतु संसार मोडलेल्या स्त्रीस ती पायरी टाळतां येत नाहीं. पूर्वीं घटस्फोटाच्या अर्जासाठीं तिला बहुधा सासरच्या गांवीं खेपा घालाव्या लागत. हिंदु विवाह कायद्याच्या २००३ सालच्या दुरुस्तीनें, ती जेथें राहते तेथेंच तिला अर्ज करतां येतो. कुटुंब न्यायालय असल्यास त्यांत, नसल्यास दिवाणी न्यायालयांत. हें कामकाज बंद दाराआड चालतें व त्याचा वृत्तांत छापण्यास मनाई आहे. तेव्हां अब्रूच्या भयानें मागें राहण्याचें कारण नाहीं. घटस्फोट मंजूर झाल्यास हुकूमनाम्याची एक प्रत उभय पक्षांस विनामूल्य द्यावी, असें कलम २३ सांगतें. ती मागून घ्यावी व जपून ठेवावी; पुनर्विवाहाच्या वेळीं तोच पुरावा होय.