जुन्या भिंतीला सिमेंट लावण्यापूर्वी

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्तीत रंगरंगोटीची लगबग सुरू होते. जयंतीला घर उजळलेच पाहिजे, यात वाद नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांनी आपली भिंत ताठ मानेने सजवावी, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु बचतगटाचे कर्ज काढून केलेले काम दोन पावसाळ्यांत गळून पडले तर काय?

आमच्या फुलंब्रीच्या घरी हेच घडले. घर वडिलांच्या वेळचे, दगड-मातीचे. आई म्हणाली होती, "बाबा, मातीच्या भिंतीला मातीच लाव." आम्ही शिकलेले! ऐकले नाही. सिमेंटचा जाड गिलावा केला, वर ऑईलपेंट मारला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पोपडे सुटले आणि सोबत आतली मातीही निघून आली. हप्ते मात्र चालूच राहिले.

कारण साधे आहे. मातीची भिंत ओल शोषते आणि पुन्हा हवेत सोडते. सिमेंट आणि ऑईलपेंट ही वाट बंद करतात. ओल आत कोंडते, माती मऊ पडते आणि गिलावा सुटतो.

फुलंब्रीवरून जाणारा रस्ता अजिंठ्याला पोहोचतो. तेथील लेण्यांत खडकावर मातीचाच गिलावा आहे. त्यात भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळून वर चुन्याचा पातळ थर दिला आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. भिक्खूंच्या विहारांतील ही माती शेकडो वर्षे टिकली. मग मातीची लाज कशाला?

म्हणून आधी ओलीचा बंदोबस्त करा. छताची गळती काढा, पन्हाळीचे पाणी भिंतीपासून दूर सोडा, जोत्याजवळ पाणी साचू देऊ नका. मातीत भुसा कालवून आठवडाभर भिजू द्या, मग गिलावा करा. तो पूर्ण वाळल्यावर चुन्याचे दोन-तीन हात द्या. चुना भिजवताना उकळतो, तेव्हा लेकरांना दूर ठेवा.

घर पक्क्या विटांचे असेल तर सिमेंट चालते. जुना गिलावा ठोकून पाहा. पोकळ आवाज येतो तेवढाच काढा. एक भाग सिमेंटला सहा भाग चाळलेली वाळू पुरे. सात दिवस पाणी मारा आणि रंगाला महिनाभर थांबा.

हे सर्व एप्रिलच्या उन्हात होत नाही. गिलावा तडकतो, शिवाय आपल्याकडे तेव्हा प्यायलाच पाणी कमी असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर काम काढावे आणि ७ फेब्रुवारीच्या रमाई जयंतीच्या आत संपवावे.

शेजाऱ्याने केले म्हणून करू नका. तपासून, विचारून करा. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. घामाचा पैसा भिंतीवरून गळू नये, एवढीच कळकळ. जयभीम!