डोक्याचा मार आणि घरची विश्रांति



आखाजीचा सण आला, म्हणजे जळगांव-धुळ्याकडे निंबाच्या फांद्यांना झोके लागतात व माहेरीं आलेल्या मुलींचीं गाणीं ऐकूं येतात. झोक्यावरून कोणी पडलें, तर डोक्याला टेंगूळ येतें. तें दिसतें, म्हणून त्यावर बर्फ ठेवतां येतो. परंतु त्याच्या आंत, कवटीमध्यें, जें घडतें तें दिसत नाहीं. त्या न दिसणाऱ्या दुखापतीविषयीं आज बोलावयाचें आहे.

डॉक्टर तिला कन्कशन म्हणतात. आपण 'मेंदूला बसलेला हादरा' म्हणूं. मेंदू कवटींत द्रवामध्यें तरंगत असतो. जोराचा धक्का बसतांच तो हिंदकळतो, त्याचे तंतू ताणले जातात आणि पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो. तो सांवरण्यास शक्ति अधिक लागते, पण त्याच वेळीं रक्ताचा पुरवठा मंदावतो. म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली! मग डोकें दुखतें, भोंवळ येते, मळमळतें, उजेड व गोंगाट सोसवत नाहीं, नुकतेंच वाचलेलें आठवत नाहीं. शुद्ध हरपलीच पाहिजे, असें मात्र नाहीं. सी. टी. स्कॅनमध्येंही बहुधा कांहीं आढळत नाहीं. त्यांत रक्तस्राव व अस्थिभंग दिसतात, हा थकवा दिसत नाहीं. येथेंच घरच्या मंडळींची फसगत होते.

शिरस्त्राण कवटी वांचवितें, म्हणून तें वापरलेंच पाहिजे. तथापि मेंदूचें हिंदकळणें तें पुरतें थांबवूं शकत नाहीं. ३१ जानेवारी २०२५ रोजीं पुण्यास इंग्लंडविरुद्धच्या सामन्यांत, डावाच्या शेवटच्या षटकांत, शिवम दुबे यांच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. पुढें त्यांच्या जागीं हर्षित राणा यांना खेळविण्यांत आलें. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्यें अशा बदलीचा नियम २०१९ सालीं आला. चालत्या-बोलत्या माणसाच्या मेंदूलाही हादरा बसलेला असूं शकतो, हें त्या नियमाचें मर्म होय.

आतां घरीं काय करावें? रोग्याला अंधाऱ्या खोलींत आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याची पूर्वीची रीत आतां मागें पडली आहे. २०२२ सालीं आम्स्टरडॅम येथें भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेचा निष्कर्ष असा कीं, पहिले एक-दोन दिवस सौम्य विश्रांति घ्यावी. घरांत थोडें हिंडावें-फिरावें, हलकें जेवण घ्यावें. वाचन, मोबाइल व दूरचित्रवाणी यांना शक्य तितकी रजा द्यावी. डॉक्टरांनीं तपासून धोका नाहीं असें सांगितलें असेल, तर पोटभर झोंपूं द्यावें. मात्र पहिल्या दिवशीं कोणीतरी जवळ असावें. आपल्याकडे समाचारास येणाऱ्यांचा घोळकाच रोग्याला अधिक दमवितो, त्याला प्रेमानें आवर घालावा.

दोन दिवसांनंतर मात्र अंथरूण सोडावें. रोज थोडें चालावें, दहा-पंधरा मिनिटें वाचावें. त्रास किंचित् वाढून लौकरच शमला, तर हरकत नाहीं. फार वाढला, तर एक पायरी मागें यावें. विद्यार्थ्यानें आधीं शाळेंत जावें, मैदानावर नंतर. आणि तेंही डॉक्टरांच्या संमतीनें. पहिला हादरा भरून येण्यापूर्वीं दुसरा बसला, तर प्राणावर बेतूं शकतें. बरें वाटेपर्यंत मोटारसायकल व मद्य वर्ज्य. बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत व मुलें सुमारें चार आठवड्यांत बरीं होतात.

परंतु डोकेदुखी वाढतच गेली, वारंवार ओकारी झाली, आंकडी आली, जीभ अडखळूं लागली, हातपाय लुळे पडले, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या किंवा रोगी झोंपेंतून उठेनासा झाला, तर क्षणाचाही विलंब लावूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धुळ्यास व जळगांवास दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्या वृद्धांनीं तर कांहीं त्रास नसतांही डॉक्टर गांठावा.

हात मोडलेल्या मुलाला कोणी घागर उचलावयास सांगत नाहीं. त्याचें प्लास्टर सर्वांना दिसतें. मेंदूला प्लास्टर घालतां येत नाहीं. त्याची उणीव आई-बापांनीं आणि गुरुजींनीं आपल्या समजूतदारपणानें भरून काढावयाची आहे.