दोन बेल, चला! लोकलच्या पायलटाच्या गमतीजमती

आपली सकाळ आठ-बाराची, नऊ-चारची अशी गाडीच्या नावाने सुरू होते. करी रोडला, चर्नी रोडला गाडी तीन मिनिटं उशिरा आली की इंडिकेटरकडे बघून आपण दातओठ खातो. पण ती आठ-बारा आज कोणाच्या वाट्याला आली, तो काल कितीला झोपला, तो आजारी पडला तर गाडी कोण नेणार, हे प्रश्न काही आपल्याला पडत नाहीत. रेल्वेच्या कागदोपत्री हल्ली इंजिन चालवणारा ‘लोको पायलट’ असतो. आपण मात्र त्याला मोटरमनच म्हणणार. ड्युटी, राखीव आणि बढती ही त्याची त्रिस्थळी यात्रा विमानाच्या पायलटासारखीच आहे. फरक एवढाच, की याच्या वाटेत दादर लागतं!

लिंक बघितली का?
मोटरमनची कुंडली म्हणजे त्याची ‘लिंक’. कोणत्या दिवशी कोणती गाडी, कुठे चढायचं, कुठे उतरायचं, मधे किती विसावा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सोमवार ते शनिवार, दहा ते सहा असलं काही नाही. पहिली लोकल पहाटे चारच्या सुमारास सुटते आणि शेवटची मध्यरात्र उलटल्यावर. ती चालवणाऱ्याला तिच्याही आधी उठावं लागतं किंवा तिच्यानंतर झोपावं लागतं. गणपती विसर्जनाच्या रात्री आपण लालबागहून गिरगाव चौपाटीकडे चालत असतो, तेव्हा जादा गाड्यांसाठी जादा माणसंही जागी असतात.

सुटी? तासांत सांगा
‘रविवारची सुटी’ हा शब्द इथे चालत नाही. रेल्वेच्या नियमाप्रमाणे गाडीवरच्या कर्मचाऱ्याला महिन्यात ३० तासांच्या किमान चार किंवा २२ तासांच्या किमान पाच विश्रांती मिळायला हव्यात, आणि प्रत्येकीत अंथरुणातली एक पूर्ण रात्र असायला हवी. झोप सरकारी नियमात लिहून ठेवलेली नोकरी ती हीच! लोको पायलटांच्या संघटना ४६ तास मागतात. हिशेब साधा आहे: ड्युटीनंतरची १६ तासांची विश्रांती वेगळी धरा आणि वर साप्ताहिक ३० तास द्या.

तिकडे आकाशातही तेच
विमानाच्या पायलटांची साप्ताहिक विश्रांती १ जुलै २०२५ पासून ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगची मर्यादाही सहावरून दोनवर आली. डिसेंबर उजाडला आणि इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. विमानं होती, विमानतळ होते, प्रवासी तर होतेच होते. नव्या नियमात बसतील एवढे पायलट तेवढे नव्हते.

बाराव्या खेळाडूवर सामना
कोणी रजेवर गेलं, कोणी आजारी पडलं, तर गाडी रद्द होऊ नये म्हणून ‘लीव्ह रिझर्व्ह’ आणि ‘स्पेअर’ माणसं असतात. विमानात त्यालाच ‘स्टँडबाय’ म्हणतात. गणवेश तयार, बॅग तयार आणि कान फोनकडे. राखीव माणसं कमी पडली की उरलेल्यांच्या जादा कामावर गाडा चालतो. याचा प्रत्यय मध्य रेल्वेला फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला मोटरमन गेले, जादा ड्युटीला माणसं मिळेनात, आणि कित्येक लोकल रद्द झाल्या.

सत्तरांना दोघे, हजारोंना एक
कोल्हापूर-जळगावसारख्या छोट्या विमानतळांवर उतरणाऱ्या एटीआर-७२ विमानात सत्तरेक प्रवासी आणि पुढे दोन पायलट असतात. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी काही हजार माणसं आणि पुढच्या केबिनमध्ये एकटा मोटरमन! या गर्दीसाठी रेल्वेने खास शब्दच काढला, ‘सुपर डेन्स क्रश लोड’: एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. दादरला सकाळी चढून बघा, व्याख्या पाठ होईल.

एक बेल, दोन बेल
मोटरमनचा जोडीदार गाडीच्या दुसऱ्या टोकाला. तो गार्ड, जानेवारी २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’. दोघांमधली भाषा घंटीची: एक बेल थांब, दोन बेल चल. फलाटावरची धावपळ, दारातली लटकंती, धावत येणारे काका हे सगळं बघून मागचा दोन बेल देतो आणि मगच पुढचा निघतो.

हात सुटला, गाडी थांबली
मोटरमनला भोवळ आली तर? म्हणून गाडी चालवण्याच्या दांड्यालाच ‘डेड मॅन्स हँडल’ची सोय असते. हात सुटला की ब्रेक आपोआप लागतात. शिवाय सिग्नल पिवळा दिसला, तर ‘मी बघितला’ असं काही सेकंदांत बटण दाबून कळवावं लागतं. नाही कळवलं, तर यंत्रणा स्वतःच गाडी थांबवते.

चष्मा एक नाही, दोन
लोको पायलटाने सोबत काय बाळगायचं, याची यादी ठरलेली आहे. लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके, वेळापत्रक, आणि चष्मा असेल तर त्याची जादा जोडी. डोळे म्हणजे इथे अर्धी नोकरी. वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. तिच्यात नापास झालं की गाडी सुटते, म्हणजे हातातून.

क्रू बदलला मुंबईत
मुंबईत पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली. पुढे सात वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. टपाल मद्रासला जायचं होतं. पण पुढे विमान नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. म्हणजे टाटांच्या विमानसेवेत पायलटांची पाळी बदलली ती पहिल्याच फेरीत, आणि तीही मुंबईतच.

शिडी मोठी, पायऱ्या उंच
विमानात आधी २०० तास उडून व्यावसायिक परवाना, मग सहवैमानिकाची खुर्ची आणि कॅप्टन व्हायला १५०० तासांच्या अनुभवाचा परवाना. रुळावर आधी सहायक, मग शंटिंग, मग मालगाडी, आणि मानसिक चाचणी पार केली तर लोकल. म्हणजे आपली आठ-बारा चालवणाऱ्याने आधी मालगाड्या हाकलेल्या असतात.

ही शिडी कशी चढतात, ते साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी दाखवलं. १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. सुरुवातीची मालगाडी वाडीबंदर ते कल्याण. १९९८ मध्ये मालगाडीच्या पूर्ण चालक, २००० मध्ये मध्य रेल्वेच्या महिला विशेष लोकलवर, पुढे घाटात. ८ मार्च २०११ ला पुण्याहून डेक्कन क्वीन घेऊन त्या मुंबईत आल्या आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत. सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या. आकाशातलं असंच नाव सौदामिनी देशमुख यांचं. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता ते सिल्चर हे फॉकर विमान सर्व-महिला क्रूने नेलं, तेव्हा कॅप्टन त्याच होत्या.

उपास आणि लोकल
मे २०१० मध्ये मोटरमननी पगार आणि सेवाशर्तींसाठी उपोषण केलं. दोन दिवस मुंबईचं वेळापत्रक विस्कटलं, सरकारने ‘मेस्मा’चं, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याचं, अस्त्र उपसलं आणि ४ मेच्या संध्याकाळी आंदोलन मागे घेतलं गेलं. मुंबईने ऐन उन्हात रूळ तुडवले, तेव्हा कळलं की गाडीच्या पुढे काच असते आणि काचेमागे पोटही.

पेढा कोणाला?
दसऱ्याला लोकलचे डबे सजतात, गाडीच्या तोंडावर झेंडूचा हार चढतो, आणि एखादा ग्रुप मोटरमनच्या हातावर पेढाही ठेवतो. विमानाचा पायलट ६५ वर्षांपर्यंत उडू शकतो, मोटरमन ६० ला उतरतो. तेवढ्या वर्षांत त्याने किती माणसं दादरला उतरवली, याची मोजदाद होत नाही. त्याच्या लिंकमध्ये तसा रकानाच नाही. तेव्हा पुढच्या दसऱ्याला पेढा दोघांना द्या: एक पुढच्याला, एक मागे दोन बेल देणाऱ्याला. आणि लवकर द्या, फलाटावर गाडी वीसेक सेकंदच थांबते!