हेडगर्लनं फक्त रिबिनीच तपासायच्या?

मुलींच्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही मैत्रिणीला विचारा, ५ सप्टेंबर म्हणजे काय धमाल! दहावीच्या ताया साड्या नेसून वर्गावर येणार. एक जण मुख्याध्यापिका, एक चक्क शिपाई. दिवसभर शाळा त्यांच्या ताब्यात. आणि शाळा व्यवस्थित चालते, बरं का!

इथे माइक धरणं, बाकं उचलणं, संचलनाच्या ऑर्डरी, सगळं मुलींकडेच. ‘हे मुलगे करतील’ म्हणायला मुलगेच नसतात. माझ्या मते हाच अशा शाळेचा सगळ्यात मोठा फायदा.

पण उरलेलं वर्ष? हेडगर्लनं वेण्या, रिबिनी, नखं तपासायची. मॉनिटरनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. स्वच्छतागृहाला कडी नाही, हे ऑफिसात जाऊन सांगण्याचं काम मात्र कुणाचंच नाही!

पुण्यात १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली, तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमाला टिळकांचा विरोध होता. मुलींच्या बाजूनं उभे राहिले ते शाळा काढणारे रानडे, भांडारकर. आता मुली स्वतः बोलू शकतात. मग हेडगर्लला बिल्ल्यासोबत मुख्याध्यापिकांसमोर एक खुर्चीही द्या की!